आक्का, सुईचं भोक आणि माझा डावा डोळा

आक्का, तुम्ही गेल्यापासून माडीवरच्या न्हाणीघरात कुणी पाऊल टाकलेलं नाही. उजेड आत येऊ नये म्हणून दाराच्या फटीला लावलेलं पोतं तसंच पडलंय, आत तुमचा लाल दिवा टांगलेला आहे आणि घरातली सगळी माणसं खालच्या मोरीपुढं आंघोळीसाठी ताटकळतायत. बाकीच्यांचं दुःख असेल. माझं विचाराल तर मला भ्या वाटतंय. ह्या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हापासून तुमची जाऊ भित्री आहे हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे. पाल, वीज, मोकाट गाय, अवेळी वाजलेला फोन, सासूबाईंचा खोकला, कशालाही माझ्या पोटात गोळा यायचा. तुम्ही शेजारी असला की तो गोळा थोड्या वेळात विरघळायचा. आता विरघळत नाही, पोटातच बसलाय.

म्हणून लिहायला बसले. तुम्ही गारगोटीच्या शाळेत पोरांना विज्ञान शिकवलंत, मी दुकानात काट्यावर डाळ जोखली, तेव्हा नेटकं लिहिणं माझ्याकडून होणार नाही. पण बोलायचं तर कुणाशी? आमच्या ह्यांच्यापुढं तुमचं नाव काढलं की ते डोळे पुसत दुकानात जातात. थोरले, तुमचे मालक, तर परवापर्यंत बोलतच नव्हते. तुमच्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसायचे, चहा निवून जायचा.

तुम्ही रिटायर झालात तेव्हा मी मनात म्हटलं, चला, आता दोघी मिळून पापड लाटू, सांडगे घालू. तुम्ही चहापत्तीचा रिकामा डबा घेऊन माडीवर गेलात. त्याला आतून काळा रंग दिलात, फाटकाला लावून उरलेला. सरबताचा पत्र्याचा डबा कात्रीनं कापून त्यातला टिकलीपेक्षा थोडा मोठा तुकडा काढलात आणि माझ्या शिवणाच्या डब्यातली सगळ्यात बारीक सुई मागितलीत. मी म्हटलं, चोळी शिवताय की काय पत्र्याची? तुम्ही मला बसवून घेतलंत. सुईचं टोक नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. मागच्या बाजूला फुगवटा येतो तो पॉलिश पेपरनं घासायचा, परत सुई फिरवायची, परत घासायचं. कड फाटकी राहिली की चित्रही फाटकं येतं, असं तुमचं म्हणणं. थोरले पान लावता लावता बोलले, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी."

"लावू दे की," तुम्ही मान वर न करता म्हणालात. "तुमच्या पाठीला तर लावंना."

मग डब्याच्या पोटाला खिळ्यानं मोठं भोक, त्याच्या आतून हा टोचलेला पत्रा, वरून झाकायला काळी चिकटपट्टी. हाच कॅमेरा, म्हणालात. ना काच, ना बटण, ना सेल. मला वाटलं चेष्टा करताय. फोनमध्ये पापणी लवायच्या आत फोटो निघतो, मग ही उठाठेव कशाला, ह्यावर आपलं जे भांडण सुरू झालं ते कधी मिटलंच नाही. तुम्ही म्हणायचात, फोनला बघायला सवड नसती. मी म्हणायचे, मला तरी कुठं आहे, गॅसवर भाजी आहे.

आत घालायचा कागद तुम्ही बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या म्हाताऱ्या मालकाकडून आणलात. तो उजेडात उघडायचा नाही, म्हणून न्हाणीघर, आणि हाताशी मी. तुम्ही दार लावलं, पोतं सरकवलं, लाल दिवाही आधी बंदच होता, आणि माझी पाचावर धारण बसली. डोळे उघडे असून काही दिसत नाही, ह्या गोष्टीची मला किती धास्ती आहे ते तुम्हाला माहीत होतं. कारणही माहीत होतं. म्हणून असेल, त्या अंधारात तुम्ही बोलत राहिलात. कागद औषधाच्या ट्रेमध्ये हलवताना मोजायचात तेही मोठ्यानं, कानडीत. तुमचं माहेर नेसरीकडचं, आजोळ सीमेपलीकडं, लहानपणी मोजायला शिकलात ते आजीजवळ. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. मला पुढचं येत नव्हतं, पण आवाज चालू असेपर्यंत अंधारात आपण दोघीच आहोत एवढी खात्री असायची. तुम्ही थांबलात की मी हाक मारायची, "आक्का?"

"हाय की. कुठं जातीया मी?"

पहिला फोटो निघाला तो गच्चीवरच्या टाकीचा आणि शेजारच्या नारळाचा. आभाळ काळंमिट्ट, झावळ्या पांढऱ्याफटक, टाकी हाडासारखी चमकतेय. म्हटलं, आक्का, हे आपलं घर न्हवं, हे भुताचं. तुम्ही पोट धरून हसलात. उजेड पडतो तिथं कागद काळा होतो, हे असं उलटंच येतं, परत उलटवलं की सरळ होतं, असं समजावलंत. मला कळलं नाही असं नाही. पण ते पांढरं नारळाचं झाड बरेच दिवस माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही.

कळंब्याची सकाळ आठवते? पिशवीत दोन डबे घेऊन आपण रिक्षानं तलावावर गेलो. बांधावर फिरायला आलेल्यांची ही गर्दी. तुम्ही एक डबा कठड्यावर ठेवलात, वाऱ्यानं हलू नये म्हणून वर धोंडा, आणि चिकटपट्टी सोलून, कागदावर सावकाश चित्र उमटेपर्यंत, बाजूला उभ्या राहिलात. काळ्या पट्ट्यांनी गुंडाळलेला डबा, वर धोंडा, शेजारी दोन बायका गप उभ्या, आणि हाकेच्या अंतरावर जेल. पांढऱ्या बुटातला एक माणूस लांबच थांबला.

"ओ बाई, डब्यात काय हाय?"

मी म्हटलं संपलं, आता आपल्याला धरून नेणार. माझे हातपाय लटलटायला लागले. बघता बघता दहा-बारा माणसं लांब गोल करून उभी राहिली, एकानं फोन काढला. तुम्ही जागच्या हलला नाहीत. "फोटू काढतोय," म्हणालात. "तुम्ही आता हाय तिथं थांबा, म्हंजे तुम्ही बी येशीला. हालला तर न्हाय येणार." शिक्षिकेचा आवाज तो, सगळा घोळका वर्गासारखा थिजला. मग काय, त्यांना तिथंच धडा दिलात तुम्ही, भोक कसं, उजेड आत कसा शिरतो, चित्र उलटं का पडतं. जाताना तो बूटवाला आपल्याला उसाचा रस पाजून गेला.

घरी येऊन कागद धुतला तर बांधावर जी माणसं चालत होती त्यांतलं एकही नाही. पाणी आहे, झाडं आहेत, थांबलेला घोळका आहे, बाकावर डुलक्या घेणारा म्हातारा आहे. आणि मी? मी डब्यापुढं उभी होते, चांगली समोर, तुमच्या सांगण्यावरून. माझ्या जागी नुसता धूर. साडी ओळखू येते, तोंड नाही.

"थरथरत होतीस," तुम्ही म्हणालात. "बघ, भ्या बी फोटूत येतंय."

हसण्यावारी नेलं मी. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगीच नाही. खरा राक्षस त्यानंतरच निघाला, तोही तुमच्याच पत्र्यातून.

नवं भोक गोल झालं की नाही हे बघायची तुमची एक रीत होती. चष्मा काढायचा, पत्रा डोळ्याला लावायचा आणि समोरच्या होजिअरीच्या दुकानाची पाटी वाचायची. चष्म्याशिवाय तुम्हाला उंबऱ्यातली मी ओळखू यायचे नाही, पण त्या भोकातून पाटीवरचा फोन नंबरसुद्धा वाचायचात. त्या दिवशी पत्रा माझ्या हातात दिलात. उजव्या डोळ्यानं मी घडाघडा वाचलं. डाव्याला लावला तर पाटीचं पहिलं अक्षर दिसतंय, शेवटचं दिसतंय, मधे कागदावर तूप सांडल्यासारखा डाग. म्हटलं, आक्का, ह्येचं भोक बिघडलं.

तुम्ही पत्रा घेतलात, बघितलात, परत दिलात. "भोक चांगलं हाय."

मग कितीतरी वेळ तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुम्ही गप्प बसलात की मला काय होतं ते तुम्हाला माहीत होतं, तरी बसलात. शेवटी म्हणालात, "नंदा, नंबरचा दोष असंल तर ह्या भोकातनं सुधारतंय. डॉक्टर बी असलीच भोकाची काळी चकती लावून बघत्यात. भोकातनं बी दिसंना म्हंजे चष्म्याचं न्हवं, आतल्या पडद्याचं हाय. तुला साखर हाय. उद्या जाऊया."

माझ्या आईलाही साखर होती. चांगली दिसणारी बाई, तांदळातला खडा उभ्यानं टिपायची. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेली, त्यांनी सांगितलं पडदा खराब झालाय, आणि तो पावसाळा सरायच्या आत ती भिंत धरून चालायला लागली. चहा ओतताना कपात बोट घालून बघायची, भरला का म्हणून. बोट भाजायचं, तरी घालायची. माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं, की डॉक्टरनं सांगितलं म्हणून आईचे डोळे गेले. सांगितलंच नसतं तर गेले नसते. हा विचार खुळ्यासारखा आहे हे तुम्ही मला शंभरदा सांगितलंत. मला पटलंही शंभरदा. भीतीला पटवून काय उपयोग, तिला कान कुठं असतात?

मग मी तुमच्यावर उलटले. माझ्या लक्षात आलं नव्हतं असं समजू नका. माडीच्या मधल्या पायरीवर तुम्ही थांबायला लागला होता. डावा खांदा दाबत बसायचात, विचारलं की गॅस झालाय म्हणायचात आणि ओवा चघळायचात. मी म्हटलं, तुमची छाती दाखवा, मग माझा डोळा. तुम्ही म्हणालात, आधी डोळा. मी म्हटलं, ते कसं चालंल? ह्या घरात हळदी-कुंकू आधी थोरलीला, बांगड्या आधी थोरलीला, दिवाळीची आंघोळ आधी थोरलीची. मग डॉक्टर आधी धाकटीला कसा?

"एरवी कधी दिला न्हाईस मला मान," तुम्ही म्हणालात, "आणि आता बरा देतीस गं."

"द्यायचाच असतोय. आधी तुम्ही, आक्का."

"थोरलीनं धाकटीला पुढं घालायचं असतंय. आधी तू."

दसरा झाला, दिवाळी झाली, जोतिबाची चैत्रयात्रा झाली. आपण दोघी एकमेकींना मान देत बसलो. बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, काय जावा आहेत, किती एकमेकींचं करतात. करत होतोच की. माझी साखर वाढू नये म्हणून तुम्ही स्वतःच्या चहातली साखर बंद केलीत. तुम्हाला जिना चढायला लागू नये म्हणून डबे, कागद, औषधाच्या बाटल्या मीच वर-खाली करायचे, त्या अंधाऱ्या न्हाणीघरातसुद्धा एकटी जायचे. एवढं सगळं केलं आपण. दवाखान्याची पायरी तेवढी चढलो नाही. तुम्हीही भीत होता, आक्का. हे मला तुमच्या तोंडून कधी ऐकायला मिळालं नाही. तुम्ही कशालाच भीत नाही असं मी इतकी वर्षं धरून चालले, आणि तुम्ही ते खोडून काढलं नाहीत.

त्या सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात मेथी निवडत होता. "नंदा, जरा पाणी दे," म्हणालात. मी तांब्या भरून वळले तर मेथीची जुडी मांडीवर आणि मान भिंतीला टेकलेली. मला वाटलं डोळा लागला. हाक मारली. परत हाक मारली. दवाखान्यात नेलं तोवर काही उरलं नव्हतं. डॉक्टर तरुण होते, हळू आवाजात बोलले, "आधी आणायला पायजे होतं. काही दिवस आधी जरी दाखवलं असतं." एवढंच म्हणाले आणि आत गेले. ते वाक्य तेव्हापासून माझ्या कानात आहे, कांदा चिरताना, दुकानात, देवापुढं.

आपल्यात जाळत नाहीत. तुम्हाला मांडी घालून बसवलं, कपाळभर विभूती, अंगावर बेलाची पानं, आणि वरून माती. सगळे म्हणत होते, किती शांत बसल्यात बघा. मला मात्र एकच दिसत होतं, की तुम्ही अंधारात बसलाय आणि ह्यावेळी पट्टी सोलायला कुठं भोक ठेवलेलं नाही. घरी आल्यावर मला ताप भरला. हे म्हणाले, ऊन लागलं.

तुमचा फोटो भिंतीवर लावलाय, शाळेतल्या निरोपसमारंभाचा, तुम्हाला न आवडणारा. दुसरा सापडला नाही. जगाचे फोटो काढलेत, स्वतः कधी डब्यापुढं उभ्या राहिला नाहीत. परवा सकाळी हार बदलताना उजव्या डोळ्यात अगरबत्तीचा धूर गेला म्हणून मी तो मिटला. आणि आक्का, तुम्ही नव्हता. चौकट होती, झेंडूचा हार होता, साडीचा काठ होता. जिथं तुमचं तोंड तिथं काही नाही. मान तिरकी केली की कान दिसायचा, सरळ बघितलं की तुम्ही जायचात. मी उजवा डोळा उघडला, तुम्ही आलात. मिटला, गेलात. उद्या उजव्याचंही असंच झालं तर तुम्हाला मी कुठं बघणार? आईच्या बोटांची मला आजवर भीती वाटायची. ही भीती तिच्याहून मोठी निघाली.

तशीच खाली दुकानात आले आणि ह्यांना सगळं सांगितलं. पत्र्यातला डाग, आई, तुमचा-माझा मानपान, काही ठेवलं नाही. ते मटकन पोत्यावर बसले. मग म्हणाले, आत्ताच जाऊ, आणि थोरल्यांना सांगायला माझ्याबरोबर माडीवर आले. थोरले तसेच भिंतीकडं तोंड करून. त्यांचे पाय सुजलेत हे मी बघितलं होतं. बीपीच्या गोळ्या तुम्ही गेल्यापासून घेतलेल्या नाहीत हेही मला माहीत होतं, पाकीट तिथंच उशीखाली होतं. हे म्हणाले, "दादा, हिला दाखवून आणतो. येताना तुमच्यासाठी पण डॉक्टरला विचारतो."

थोरले म्हणाले, "तिचं होऊ दे आधी. माझं मग बघू."

ह्या घरात आल्यापासून मी थोरल्यांसमोर उभी राहून बोललेली नाही. पदर घेऊन दाराआडून, तेही तुमच्यामार्फत. "आक्का, थोरल्यांना विचारा, भाकरी आणखी वाढू का." एवढंच आमचं बोलणं. पण ते वाक्य ऐकलं आणि मला काय झालं मलाच कळलं नाही. मी दाराआडून पुढं गेले, खाट आणि भिंत ह्यांच्या मधल्या बोळात शिरले आणि त्यांच्या तोंडापुढं उभी राहिले. पदर सरकला तो सावरला नाही.

"न्हाय," मी म्हटलं. "आधी आणि मग काय न्हाय. ह्या घरात आधी-मग लई झालं. उठा. दोघांचं बी आजच हाय, आणि तुम्ही उठल्याबिगर मी हितनं हलणार न्हाय."

हे माझ्याकडं बघतच राहिले. थोरल्यांनी मान वर केली. बहुतेक पहिल्यांदाच त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं असेल. मग पायांनी चपला शोधायला लागले.

माझ्या डोळ्याचं दुसऱ्या दिवशी झालं. डॉक्टरीणबाईंनी तुम्ही म्हणाला होता तशीच भोकाची काळी चकती डाव्या डोळ्याला लावली आणि वाचा म्हणाल्या. मी वाचू शकले नाही. डाव्यातलं जे गेलंय त्यातलं थोडं बहुतेक परत यायचं नाही, उरलेलं राखता येईल, उजवा नीट सांभाळायचा, असं म्हणाल्या. डोळ्यात इंजेक्शन द्यायचं आहे, परवा. डोळ्यात, आक्का. सुई म्हटलं की मला तुमचा पत्राच दिसतो. मी जाणार आहे. जेवण उतरत नाही, पण जाणार आहे.

पण तुम्हाला सांगायचंय ते आदल्या दिवशीचं. थोरल्यांची ईसीजीची पट्टी काढली, रक्त काढलं, आणि लगेच आत घेतलं. आम्ही दोघं बाहेर बाकावर. मला तोच दवाखाना, तोच फिनेलचा वास, तीच दारं. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले, तेच, तरुण. त्यांनी मला ओळखलं नाही. आजचा-उद्याचा खेळ होता, म्हणाले, दोन दिवस ठेवून घेऊ, पण आता काळजी नाही. ह्यांनी हात जोडले. डॉक्टर माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "बरं केलंत मावशी. वेळेत आणलंत."

आक्का, तिथं माझा बांध फुटला. नर्सबाई पाणी घेऊन आली, म्हणाली, रडताय कशाला, चांगलं झालं की सगळं. तिला काय सांगू? मला ते तुमच्यासाठी ऐकायचं होतं.